फेरीच्या लायनीत इंजिन बंद करायला लोकांना कसं लावायचं

कोकणात खाडीपलीकडे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी आहेत ना, दाभोळ-धोपावे म्हणा, वेश्वी-बागमांडला म्हणा नाहीतर जयगड-तवसाळ, सुट्टीच्या दिवसात जेटीवर गाड्यांची लाईन लागते आणि फेरी अजून पलीकडच्या काठाला असते तरी निम्म्या गाड्या एसी लावून घुर्रर्र करत उभ्या, आणि तो सगळा धूर बाजूला शहाळी विकणाऱ्याच्या नाकात. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करून परत चालू करण्यात पेट्रोल कमीच जातं, "स्टार्टला जास्त पितं" हे जुन्या कार्बोरेटरच्या काळातलं डोक्यात बसलंय. उभी कार तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पिते, एसी असेल तर अजून.

पण पाहुण्यांना प्रदूषणावर भाषण देऊ नका, कोणी ऐकत नाही, उलट भांडणं होतात. लोक बंद करत नाहीत कारण फेरी कधी येणार ते माहीत नसतं. म्हणून तिकीट फाडणाऱ्यालाच सांगा की पावती देताना "फेरीला पंधरा-वीस मिनिटं आहेत, बंद करा दादा" एवढं बोलायचं, आणि पुढच्या फेरीची वेळ खडूने फळ्यावर लिहायची. सुरुवात गावातल्या रिक्षा आणि टेम्पोवाल्यांपासून करा, पुढची गाडी बंद झाली की मागचे आपोआप करतात. मे महिन्यात सावली नसेल तर मात्र कठीणच, ग्रामपंचायतीकडून हिरवी नेट मारून घ्या. घाट चढून आलेली टर्बो डिझेल असेल तर अर्धा-एक मिनिट चालू ठेवून मग बंद केलेली बरी.