आधी दार, मग स्पीकर

नागपुरात मानेवाडा ते हिंगणा एमआयडीसी, रोज जाऊन-येऊन सव्वा तास मी गाडीत असते. माझा गाणं ऐकायचा वेळ तेवढाच. गाडी सेकंडहँड वॅगनआर. मी बारा वर्षं तबला शिकले, त्यामुळे कान आधी डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खालच्या सुराच्या भांड्याकडे जातो, आणि या गाडीत डग्गा ऐकूच येत नव्हता. डग्ग्याचा ‘घे’ हा बोल पडला की नुसता फट्ट. मींड (सुराची घसरण) नाही, आस (मागे रेंगाळणारा नाद) नाही.

गेल्या दिवाळीत एका दुकानात गेले. त्यांनी साडेचार हजारांत डिकीत बेस ट्यूब, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा नळकांड्यातला स्पीकर, बसवून दिली. पिशव्या ठेवायची जागा गेली आणि कुठलंही गाणं लावलं तरी खालून एकाच सुराची घूं सुरू. महिन्याभरात ती काढली. मग भाच्याला हाताशी घेऊन दोन रविवारांत जे केलं, ते इथे लिहिते आहे. खर्च ५,२०० रुपये: स्पीकरची जोडी २,७००, दारांच्या पत्र्याला चिकटवायची शीट १,६००, स्पीकर बसवायच्या प्लास्टिकच्या रिंगा ३५०, कपलर (वायर न कापता जोडायचे प्लग) २५०, किरकोळ ३००. स्टिरिओ जुनाच ठेवला.

पैसे काढण्याआधी एक तपासणी करा, ती फुकट आहे. बेस-ट्रेबल शून्यावर आणा, लाउडनेस (बेस फुगवणारं बटण) बंद करा, फेडर (पुढचे-मागचे स्पीकर कमी-जास्त करणारी सेटिंग) पूर्ण पुढे. ओळखीचं गाणं लावा आणि बॅलन्स (डावा-उजवा कमी-जास्त करणारी सेटिंग) मधोमध असलेला पूर्ण डावीकडे न्या. दोन्ही स्पीकर चालू असताना बेस कमी आणि एकटा चालताना जास्त वाटला, तर एकाचे प्लस-मायनस उलटे जोडलेले आहेत. सेकंडहँड गाड्यांत हे पुष्कळदा सापडतं. तेवढ्या वायरींची अदलाबदल करून तुमचं समाधान झालं तर पुढचा खर्चच नाही.

आता दार. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन्ही लाटा एकमेकींना भेटल्या की खालचे सूर जागच्या जागी मरतात. डग्ग्याचं भांडं तडकलं तर कितीही चांगली पुडी (वरचं चामडं) चढवा, घुमारा येत नाही. स्पीकरचं भांडं म्हणजे दार, आणि स्वस्त गाडीच्या दारात आतल्या पत्र्याला तळहाताएवढी भोकं असतात, वर फक्त पातळ प्लास्टिकचा कागद. म्हणून माझ्या मते पहिला रुपया इथेच घालावा.

स्टिरिओला बॅटरी काढल्यावर पुन्हा घालायचा कोड असेल तर लिहून ठेवा, मग १० नंबरच्या पान्याने बॅटरीची मायनस काढा. दाराचा पॅड (आतलं आवरण) हँडलमागच्या आणि आर्मरेस्टमधल्या स्क्रूंवर असतो, बाकी क्लिपा. पॅड खालच्या कडेकडून ओढा. आपल्या उन्हात क्लिपांचं प्लास्टिक ठिसूळ होतं, सहा-सात जास्तीच्या आणून ठेवा.

शीट ब्युटिलचीच (एक प्रकारचं चिकट रबर) घ्या, वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल असलेली. डांबराची शीट निम्म्या पैशात मिळते, पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की ती पाझरते आणि गाडीभर वास सुटतो. पत्र्यावरचा काळा गोंद खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आधी स्पीकरच्या मागच्या बाहेरच्या पत्र्यावर एक मोठा तुकडा लावा. सगळा पत्रा झाकायची गरज नाही. बोटाने वाजवल्यावर ‘टण’चं ‘ठप’ झालं की पुरे. रोलर जोर लावून फिरवा, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत. मग आतल्या पत्र्याची भोकं बुजवा. मोठ्या भोकावर नुसती शीट लोंबते, म्हणून मी इतवारीच्या बाजारातून पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणून आधार दिला.

एक गोष्ट विसरू नका. दाराच्या तळाशी पाणी निघायच्या बारीक फटी असतात, त्या उघड्याच राहू द्या. बुजवल्या तर पावसाळ्यात दार आतून गंजेल. पॅड बसवण्याआधी काचेवर मगभर पाणी ओता आणि ते खालून गळतंय ना, पाहा. काच दोनदा पूर्ण खाली-वर करून कुठे घासत नाही, हेही पाहा.

स्पीकर घेताना खोक्यावरचे ‘५०० वॅट’ वाचू नका. आरएमएस (सतत पेलणारे खरे वॅट), सेन्सिटिव्हिटी (एका वॅटमध्ये किती आवाज) आणि ओहम (विजेला होणारा विरोध) वाचा. स्टिरिओवर ५० गुणिले ४ छापलेलं असलं तरी खरे वॅट चॅनेलमागे, म्हणजे एकेका स्पीकरला, साधारण १५ ते २० असतात. सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबलने जास्त असलेला स्पीकर तोच आवाज निम्म्या वॅटमध्ये देतो; मी ९१ डेसिबलचे, ४ ओहमचे कोअ‍ॅक्सिअल (मधोमध छोटा ट्वीटर असलेले) घेतले. काच खाली केल्यावर मॅग्नेटसाठी किती जागा उरते, ते घरूनच मोजून न्या. रिंग एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीची) नको, ती ओलीने फुगते. रिंग आणि पत्र्यामध्ये, तसंच स्पीकरच्या कडेभोवती पॅडला टेकेल अशी फोमची पट्टी लावा, नाहीतर आवाज पॅडच्या मागेच फिरत राहतो.

कंपनीची वायर कापू देऊ नका, कपलर लावा. जोडण्याआधी दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर टेकवा: सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लागलं तर पडदा बाहेर येतो. दोन्हीकडे हे पाहूनच स्क्रू आवळा.

मागचे स्पीकर मी बदलले नाहीत. फेडर थोडा पुढे ठेवला की गायक समोर बसल्यासारखा वाटतो. स्टिरिओत हाय-पास (फार खालचे सूर गाळणारी सेटिंग) असेल तर ८० हर्ट्झवर लावा. लहान स्पीकरवरचं ओझं उतरतं आणि आवाज वाढवला तरी फाटत नाही. पेनड्राइव्हवर ३२० केबीपीएसच्या, म्हणजे कमी दाबलेल्या, फाइली टाका.

आठवडाभराने पॅडचे स्क्रू पुन्हा आवळायला लागतात. माझ्या डाव्या दारातून रिंग रोडच्या सिमेंट रस्त्यावर बारीक किरकिर यायची. आतल्या लॉकची सळई पत्र्यावर आपटत होती. फोमचा तुकडा गुंडाळला आणि ती थांबली. आता विलंबित एकतालातला डग्गा हिंगण्यापर्यंत मींडेसकट ऐकू येतो.