पोस्टर आधी लावलं, पेटंट नंतर सुचलं

पुण्यात पीएचडी करताना मी मधुमेही रुग्णांच्या तळपायावर कुठे जास्त दाब पडतो हे दाखवणारी चटई बनवली. मधुमेहात पायाची संवेदना गेली की खडा टोचलेलाही कळत नाही आणि जखम चिघळत जाते. ‘याची कंपनी काढ’ असं जो तो म्हणायचा. काढली, पण सगळं उलट्या क्रमाने.

एका परिषदेत हौसेने पोस्टर लावलं, सारांशही छापून आला. पुढे पेटंट वकिलांनी पहिलंच विचारलं, “हे आधी कुठे दाखवलंय का?” विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला आपल्या कायद्यात 12 महिन्यांची मर्यादित सवलत आहे, युरोपात तीही नाही. सारांशात न आलेली सेन्सरची मांडणी तेवढी वाचली. तुम्ही आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख पक्की करणारा प्राथमिक अर्ज टाका. पूर्ण अर्जाला त्यानंतर 12 महिने मिळतात, तोवर पेपर खुशाल लिहा. आणि हो, निदानाच्या पद्धतीला भारतात पेटंट नाही, उपकरणाला आहे.

पेटंट माझ्या नव्हे, विद्यापीठाच्या नावावर. लॅब त्यांचीच होती ना! कंपनीला त्यांच्याकडून लायसन्स घ्यावं लागलं. रॉयल्टी किती, गाईडचा हिस्सा किती, हे विचारायला मी कचरलो. सरांपुढे पैशाचं कसं काढायचं? त्या भिडेत आठ महिने गेले.

पैशासाठी बायरॅकची (जैवतंत्रज्ञानातल्या नव्या उद्योगांना मदत करणारी केंद्र सरकारची संस्था) बिग योजना बघा: 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत अनुदान. पण ते हप्त्याहप्त्याने, टप्पे पूर्ण होतील तसं येतं, त्यामुळे हाताशी थोडी गंगाजळी लागतेच. अर्ज लिहायला इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणारी केंद्रं, मदत करतात. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारात व्हेंचर सेंटर आहे. उपकरणाचा वर्गही लवकर ठरवून घ्या. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत धोक्यानुसार ए (सर्वांत कमी) ते डी (सर्वांत जास्त) असे वर्ग आहेत; ए आणि बी वर्गाचा उत्पादन परवाना राज्याकडून मिळतो, सी आणि डीचा केंद्राकडून.

यातलं काहीही करण्याआधी मी ओपीडीत जाऊन बसायला हवं होतं. गेलो तेव्हा चटई चालू व्हायलाच चार मिनिटं लागत होती. सिस्टर म्हणाल्या, “तेवढ्यात माझे तीन पेशंट होतात.” शिवाय लोक चिखलाच्या पायांनी येत आणि आमचं कापड धुता येत नव्हतं. पेपरात अचूकतेचे आकडे होते, चिखल नव्हता.

आता वरून रेक्झिन आहे, स्पिरिटने पुसलं की झालं. परवा त्याच सिस्टरांचा फोन आला: वायर टेबलापर्यंत पोचत नाही, जरा लांब करून द्या.