कुठे रंगवायचं नाही ते आधी ठरवा: घरच्या घरी कॅमो वेटसूट करण्याची तयारी

स्पिअरफिशिंग म्हणजे श्वास रोखून पाण्याखाली भाल्याने मासे मारणं, आणि त्यासाठी घालतात तो निओप्रीन या फोम रबराचा घट्ट सूट म्हणजे वेटसूट. त्यावर कॅमो, म्हणजे आसपासच्या खडकांत मिसळणारी नक्षी, रंगवायचं प्रत्यक्ष काम एका दुपारचं. त्याआधीची तयारी मात्र आठवडाभर पुरते. मी आजवर तीन सूट रंगवले. पहिल्याचा रंग दोन महिन्यांत गुडघ्यांवर तडकला, दुसऱ्याचा टिकला पण चार हातांवरून तो सूट पाण्यात नुसता काळा दिसायचा, आणि तिसरा अजून वापरात आहे. तिन्ही वेळा रंगाचा प्रकार जवळपास तोच होता, बदलली ती तयारी. म्हणून ही यादी त्या क्रमाने लिहितो आहे, ज्या क्रमाने मी आता स्वतः कामाला लागतो.

सगळ्यात आधी सूटचा बाहेरचा थर कसला आहे ते पाहा. बोटाच्या पेराने चोळा, नखाने नको. विणलेल्या कापडासारखं लागलं तर वर नायलॉनचं अस्तर आहे. बोट अडखळत सरकलं, सायकलच्या ट्यूबसारखं वाटलं, तर ते उघडं निओप्रीन आहे आणि ते नखानेही फाटतं. पुढचं सगळं यावर ठरतं. नायलॉनवर कापडासाठीचा पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग चालतो, कारण तो वाळल्यावरही मऊ राहतो आणि धाग्यांत मुरतो. उघड्या निओप्रीनवर हा रंग धरत नाही, दोन-चार डाइव्हमध्ये पापुद्रे निघतात. तिथे निओप्रीन जोडायचा काँटॅक्ट सिमेंट हा गोंद टोल्युइन या द्रावकाने पातळ करून त्यात रंगद्रव्य मिसळायचं, म्हणजे एका अर्थी रबरावर रंगीत रबरच लावायचं. स्प्रेचा एनॅमल आणि भिंतीचा रंग दोन्हींवर वर्ज्य. ते कडक होतात, सूट ताणला की तडकतात, आणि सुटलेले कण समुद्रात जातात. कापड रंगवायच्या डायचाही मोह टाळा. काळ्या कापडावर डाय दिसतच नाही, आणि नायलॉनला डाय पक्का बसायला उकळत्याच्या जवळ जाणारं पाणी लागतं. निओप्रीनची ऊब त्यातल्या वायूच्या बारीक बंद बुडबुड्यांमुळे असते. त्या फोमला आणि शिवणींच्या गोंदाला तेवढी उष्णता सोसत नाही. त्याच कारणाने बाटलीवर ‘इस्त्री करून रंग पक्का करा’ असं छापलेलं असलं तरी सूटवर इस्त्री फिरवायची नाही. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, हातभर लांब धरून, आणि बाकी काम काही दिवसांच्या सावलीवर सोडायचं. इस्त्रीशिवाय पक्का होणारा रंग मिळाला तर तोच घ्या.

टोल्युइनचा मार्ग घेणार असाल तर त्याची तयारी वेगळी आणि ती अर्धवट चालत नाही. काम उघड्यावर करायचं. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेलाच मास्क हवा. हातात नायट्राइलचे हातमोजे. आसपास गॅस, सिगारेट, ठिणगी उडवणारं काहीही नको, वाफ जड असते आणि जमिनीलगत लांबवर जाऊन पेट घेते. रंग पातळ करायला लागेल तेवढंच टोल्युइन घ्या, कारण जास्तीचं टोल्युइन निओप्रीन फुगवतं आणि शिवणीतला गोंद सोडवतं. मी स्वतः नायलॉनचा सूटच रंगवतो. उघड्या निओप्रीनचा सूट असेल तर माझं मत असं, की कॅमो रॅशगार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पातळ शर्ट, वरून चढवा आणि तो प्रश्न तिथेच सोडवा.

मग धुणं. याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. आतून उघड्या पेशींचा, म्हणजे अस्तराविना रबर थेट अंगाला लागणारा, सूट चढवताना आपण साबणाचं पाणी किंवा केसांचं कंडिशनर वापरतो आणि ते हमखास बाहेरही लागतं. मान, मनगट आणि कंबर या तीन जागी त्याचा थर साचतो. शिवाय मीठ, सनस्क्रीन आणि माशांचं तेल. या कशावरही रंग बसत नाही. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश घेऊन दोनदा धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत गोड्या पाण्यात खळबळा. क्लोरीनचं ब्लीच अजिबात नको, ते नायलॉन आणि निओप्रीन दोन्ही खातं. सावलीत दोन दिवस वाळवा, एकदा उलटा, एकदा सुलटा. पूर्ण वाळल्यावर रंगवायच्या भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलसर फडका एकदाच फिरवा. सूट तयार झाला का, हे पाण्याचा एक थेंब सांगतो: कापडावर टाकल्यावर तो पसरला तर ठीक, मोत्यासारखा उभा राहिला तर तिथे अजून कंडिशनर आहे. काही कापडांवर मुळातच पाणी न धरणारा लेप असतो. धुऊनही थेंब मोडत नसेल तर आधी तुकड्यावर रंग लावून पाहा.

हा तुकडा म्हणजे जुन्या सूटचा पाय, नाहीतर दुरुस्तीसाठी मिळणारं निओप्रीन. त्यावर रंग लावा, वाळू द्या, दोन्ही हातांनी वीसदा ताणा, रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा आणि सकाळी ओल्या अंगठ्याने चोळा. अंगठा रंगला तर रंग नीट वाळला नाही. ताणल्यावर बारीक काळ्या रेषा दिसल्या तर थर जाड झाला.

त्या रेषांवरून माझा पहिला सूट आठवतो. मी तो टेबलावर पसरून रंगवला होता. टेबलावर छान दिसला, आणि अंगावर चढताच मांडीवरचे ठिपके लांबट होऊन त्यांच्यामधून काळं कापड डोकावायला लागलं. सूट अंगावर असताना जितका ताणलेला असतो, तितक्याच ताणात तो रंगवायला हवा. शिंप्याचा पुतळा मिळाला तर उत्तम. नाहीतर पॅंटच्या पायांत योगा मॅटच्या घट्ट वळकट्या घाला, जॅकेटमध्ये उशा आणि जुने कपडे ठासून भरा, हूडमध्ये फुगवलेला फुटबॉल बसवा. पाण्यात मिसळणारा रंग असेल तर तुमच्या अंगलटीचा मित्र सूट घालून उभा राहू शकतो, पण अर्धा तास झाला की त्याला बाहेर काढा, सूटमध्ये माणूस लवकर तापतो. टोल्युइनच्या रंगाला माणूस कधीही उभा करायचा नाही.

रंग कोणते हे दुकानात ठरत नाही. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी गिळतं. पाच मीटरवर लाल बहुतेक संपलेला असतो, त्याखाली नारिंगी आणि मग पिवळा फिका होत जातो. निळसर स्वच्छ पाण्यात निळा प्रकाश खोलवर जातो, किनाऱ्याजवळच्या गढूळ, प्लवकांनी भरलेल्या पाण्यात हिरवा. त्यामुळे वर हुबेहूब खडकासारखा वाटलेला तांबूस तपकिरी रंग खाली काजळीसारखा होतो. माझा दुसरा सूट याच रंगाने फसला. आता मी पांढऱ्या प्लास्टिकच्या पाटीवर नायलॉनची पट्टी चिकटवतो, तिच्यावर सहा-सात रंगांचे बोटभर ठिपके देतो आणि ती पाटी मी जिथे शिकार करतो त्या खोलीवर नेऊन खडकाला टेकवतो. फ्लॅश न लावता फोटो काढतो. दोन मीटरवरून जो ठिपका दिसेनासा होतो तो रंग घ्यायचा. माझ्याकडच्या हिरवट पाण्यात मेंदी आणि राखाडी जिंकले, आणि मला सगळ्यात आवडणारा चॉकलेटी पहिल्या फेरीतच बाद झाला. दोन रंग पुरतात, तिसरा रंग सूटचा स्वतःचा काळा. काळ्यावर उठून यावेत म्हणून अपारदर्शक रंग घ्या किंवा प्रत्येकात थोडा पांढरा मिसळा.

नक्षीबद्दल माझा आग्रह एकच आहे: पानांची चित्रं काढू नका. बारीक नक्षी थोड्या अंतरावरून मिसळून एकसंध करडी होते आणि माणसाचा आकार जसाच्या तसा उरतो. मोडायची ती बाह्यरेषा. ह्यू कॉट या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने 1940 साली हेच नीट मांडलं होतं, की ठळक, एकमेकांशी विरोधी पट्टे शरीराच्या कडेला छेदून गेले तर नजर ती कड जोडू शकत नाही. म्हणून तळहाताएवढे किंवा त्याहून मोठे डाग घ्या आणि ते खांद्यावरून, दंडाच्या कडेवरून, हूडच्या कपाळावरून पलीकडे जाऊ द्या. जॅकेटच्या खालच्या काठावरून एखादा पट्टा थेट पॅंटवर उतरवा. तळाशी पडून माशाची वाट पाहताना, ज्याला इटालियन शिकारी आस्पेत्तो म्हणतात, मासा तुम्हाला समोरून पाहतो. डोकं, खांदे आणि पुढचे हात यांना वेळ द्या, पोटऱ्या राहिल्या तरी चालतं. पाठीवर ऊन पडतं म्हणून ती गडद ठेवा. पृष्ठभागावर तरंगत असताना मात्र खालून तुम्ही उजेडासमोरची सावलीच असता, पोट कितीही फिकं केलं तरी.

आता शिंप्याचा खडू घ्या आणि जिथे रंग जाणार नाही तिथे फुल्या मारा. काखा, जांघा, गुडघ्याची मागची वळी आणि कोपराची आतली बाजू इथे घडी सतत मोडते, रंग टिकत नाही आणि कापड ताठरतं. स्पिअरगन, म्हणजे भाला सोडणारी बंदूक, लोड करताना छातीच्या ज्या पॅडवर तिची मूठ टेकते, तिथला रंग महिन्याभरात घासून जातो. शिवणींवर जाड थर नको. मनगट, घोटे आणि चेहऱ्याभोवतीच्या ज्या कडा अंगाला चिकटून पाणी अडवतात त्या मास्किंग टेपने झाका, आणि आतल्या बाजूला एक थेंबही जाऊ देऊ नका. फुल्या मारून झाल्यावर सूट लांबून पाहा. जवळपास निम्मा काळाच राहणार आहे, आणि तो तसाच हवा आहे.

याच यादीत जोडीदार येतो, आणि इथे मी कुणाचंही ऐकत नाही. माशाला न दिसणारा सूट जोडीदारालाही दिसत नाही. श्वास रोखून वर येताना शेवटच्या काही मीटरांत शुद्ध हरपली, तर वर थांबलेल्याने तुम्हाला काही सेकंदांत शोधायचं असतं. म्हणून रंगाच्या खरेदीबरोबरच फिन्सच्या, म्हणजे पायातल्या वल्ह्यांच्या, वरून दिसणाऱ्या बाजूसाठी पांढरी पट्टी, स्नॉर्कलच्या पाण्याबाहेर राहणाऱ्या टोकाला भगवी टेप, आणि तुमच्या भागातल्या नियमाप्रमाणे झेंडा लावलेला भडक रंगाचा तरंगता बोया घ्या. बोटवाल्याला फक्त तो बोयाच दिसणार आहे. ही तीन साधनं हातात नसतील तर रंगाची बाटली उघडू नका.

सामान थोडंच लागतं. भांडी घासायचा स्पंज वेडावाकडा तोडलेला, म्हणजे त्याची कड ठशात दिसत नाही. कांदे-बटाट्याची जाळीची पिशवी, जी ताणून वरून स्पंज थोपटला की खवल्यांसारखं पोत उमटतं. उथळ ताटल्या, टेप, जुनी वर्तमानपत्रं, टाल्कम पावडर. फिका रंग आधी, गडद नंतर. स्पंज कागदावर दोनदा टेकवून जवळपास कोरडा करा आणि मगच सूटवर थोपटा. खाली कापडाची वीण दिसत राहिली पाहिजे. ती बुजली की थर जाड झाला. दोन थरांच्या मध्ये हाताला ओल लागणार नाही इतकं थांबा.

चोवीस तासांनी आत भरलेलं सगळं काढून सूट सुटा करा, पण घडी घालू नका. सिमेंटचा रंग स्वतःलाच चिकटतो, घडी घातलेली बाही दुसऱ्या दिवशी सोडवताना कापड सालीसारखं निघालेलं मी मित्राच्या सूटवर पाहिलं आहे. रंगवलेल्या सगळ्या भागावर टाल्कम पावडर चोळा, झटका आणि रुंद हँगरवर सावलीत आणखी तीन-चार दिवस टांगा. पहिलं भिजवणं घरच्या टबमध्ये गोड्या पाण्यात, सुटा रंग तिथेच निघून जाऊ दे. मग जोडीदाराला बरोबर घेऊन पाच-सहा मीटरवर खडकाला लागून पडून राहा, स्पिअरगन वरच ठेवा. त्याने समोरून पाहावं, बाजूने पाहावं आणि वर आल्यावर सांगावं की शरीराची कुठली कड अजून सलग दिसते. माझ्या तिसऱ्या सूटवर त्याने डावा खांदा दाखवला होता. घरी येऊन मी तिथे मेंदी रंगाचा एक डाग मानेपर्यंत वाढवला.