अंबाझरीच्या बाजूचा सराव आणि मालवणचं पाणी

स्कूबा डायव्हिंगसाठी नागपूरच्या तलावात बेतलेलं वजन (बुडता यावं म्हणून कमरेला बांधतो ते शिसं) मालवणला पुरत नाही. खारं पाणी जड, ते जास्त वर ढकलतं; माणूस आणि सामान मिळून १०० किलो भरत असेल, तर समुद्रात साधारण अडीच किलो शिसं जास्त लागतं. म्हणून मी स्टीलची बॅकप्लेट (सिलिंडर आणि पट्टे जिला जोडतात ती पाठीवरची पाटी) घेतली. ती स्वतःच अडीच-तीन किलोची, जवळपास तेवढं शिसं कमरेवरून उतरतं. विमानाने जाणाऱ्यांना मात्र किलोभराची ॲल्युमिनियमचीच बरी.

वजन तपासायचं ते सिलिंडरमधला दाब ५० बारवर, म्हणजे हवा संपत आल्यावर. भरलेल्यावर तपासलं की हवा संपत जाऊन सिलिंडर हलका होतो आणि नेमकं शेवटी, सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधीच्या थांब्याला), बुचासारखे वर येता. (मी आलोय.) विंग (पाठीवरची हवेची पिशवी) रिकामी, श्वास नेहमीचा, पाणी डोळ्यांच्या रेषेत: जमलं. खांद्याच्या पट्ट्याखाली तळहात सहज सरकला पाहिजे; माप वेटसूट घालूनच घ्या.