“मी त बसलेलाच आहो, सर”: कोच व्हीलचेअरवर असतील तेव्हा पंचांनो, या चुका टाळा

तालुकास्तरावरचा शालेय व्हॉलीबॉलचा सामना होता, 17 वर्षांखालील मुलींचा. मी दुसरा पंच. एका संघाचे कोच बेंचच्या पुढं येऊन पोरींना काहीतरी सांगत होते. मी सवयीनं हात खाली दाबत म्हणालो, “कोच, बसा.”

कोच व्हीलचेअरवर होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “मी त बसलेलाच आहो, सर.”

बेंचवरच्या पोरी खुदकन हसल्या, मीही ओशाळून हसलो. माझी सूचना तशीही चूकच होती. व्हॉलीबॉलमध्ये कोचला अटॅक लाइनच्या (नेटपासून 3 मीटरवर आखलेल्या रेषेच्या) सरळ रेषेपासून वॉर्मअपच्या जागेपर्यंत, खेळात अडथळा न आणता, बेंचसमोर उभं राहायची आणि फिरायची मुभा असते. म्हणजे उभा कोच असता तर मी बोललोही नसतो. खुर्ची पुढं आलेली दिसली आणि मला उगाच काहीतरी वावगं वाटलं. त्यानंतर यवतमाळ, वाशीम, अमरावती भागात पंचगिरी करताना अशा बऱ्याच चुका पाहिल्या. त्यातल्या निम्म्या माझ्याच.

आदल्या दिवशी फोन न करणे

बाकीच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. प्रवेश अर्जात खेळाडूंचे जन्मदाखले मागतो, आधार मागतो, पण “संघासोबत व्हीलचेअर वापरणारं कोणी आहे का, काय सोय लागेल?” ही एक ओळ नसते. मग सकाळी साडेनऊला गाडी येऊन उभी राहते आणि धावपळ सुरू होते.

सोय करणं ही मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे, 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या 30 व्या कलमात क्रीडासुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याचंही सांगितलं आहे. पण कायदा फाटक उघडत नाही, शिपाई उघडतो. हे शब्दशः घ्या. आपल्याकडच्या अनेक शाळांना गुरं आत शिरू नयेत म्हणून आडवळणाचं लोखंडी फाटक असतं. माणूस अंग चोरून जातो, खुर्ची जाऊच शकत नाही. बाजूचं मोठं फाटक कुलूपबंद, किल्ली शिपायाकडं आणि शिपाई वावरात. एका सामन्याला कोच पाऊण तास रस्त्यावर, उन्हात, मोठ्या फाटकाबाहेर थांबलेले मी पाहिले आहेत. संघाची नाणेफेक झाली तेव्हा ते बाहेरच होते.

फोनवर इतकंच विचारा: गाडी कुठपर्यंत आणायची, खुर्चीची रुंदी किती, सोबत मदतनीस आहे का, आणि बाथरूमचं कसं करायचं? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. विचारा. सोय नसेल तर माणूस सकाळपासून पाणी पीत नाही, आणि हे तो तुम्हाला सांगतही नाही. निदान 90 सेंटिमीटर रुंद दार असलेलं एखादं संडास आधी हेरून ठेवा. त्यात पाण्याची बादली पोचवणं आणि दारासमोरची सायकल हलवणं आलंच.

काळ्या मातीवर विश्वास ठेवणे

शालेय सामने पावसाळ्यात सुरू होतात आणि आपली जमीन कापसाची, काळी. रात्री सर येऊन गेली की सकाळी वरून सुकलेली दिसते, पाय टाकला की आतून लोणी. व्हीलचेअरची पुढची दोन चाकं लहान असतात, ती आधी रुततात. मागून जोर लावला की ती आणखी खोल जातात आणि बसलेला माणूस पुढं तोंडावर पडू शकतो.

खुर्ची रुतली तर ढकलू नका. आधी कोचना विचारा, मग खुर्ची वळवून मागच्या मोठ्या चाकांवर थोडी कलती करा आणि उलटी ओढत बाहेर काढा. उचलायचीच वेळ आली तर हातांच्या टेकूला किंवा पायटेकूला धरू नका. बऱ्याच खुर्च्यांचे ते भाग सुटे असतात, निघून हातात येतात. मुख्य सांगाडाच धरायचा, आणि “एक, दोन, तीन” कोचनी म्हणायचं.

वाट करायची तर मुरूम टाकून दाबून घ्या. नुसती गिट्टी नको, तीत चाक फिरतं पण सरकत नाही. मंडपवाल्याची सतरंजी तर अजिबात नको, ती चाकाखाली गोळा होते. प्लायवूडचे दोन-तीन तुकडे पुढं-पुढं सरकवत नेले तरी काम भागतं. मंडपाचे ताणाचे दोर वाटेवर आडवे आले असतील तर बांधतानाच बदलून घ्या.

बाकाची फळी म्हणजे रॅम्प समजणे

हिशोब सोपा आहे. 1 फूट चढायला 12 फूट लांबीचा उतार लागतो. स्कोअररचं टेबल 3 फुटी ओट्यावर असेल तर 36 फूट पाहिजे. आपण टाकतो सहा फुटांची फळी आणि म्हणतो, “चला सर, पोरं धरतील.” त्यापेक्षा टेबलच खाली आणा. सही घ्यायची असेल तर पॅडला लावून स्कोअरशीट कोचपर्यंत न्या. उद्घाटनाचा आणि बक्षिसाचा कार्यक्रमही मैदानातच घ्या. कोचना खुर्चीसकट खांद्यावर घेऊन स्टेजवर चढवायचं आणि वर माईकवरून “अपंग असूनही” म्हणत पाच मिनिटं बोलायचं, हा प्रकार त्यांना किती नकोसा होतो हे चेहऱ्यावर दिसतं. निवेदकाला आधीच सांगून ठेवा.

कोच “उभे” की “बसलेले”, हा वाद सामना चालू असताना काढणे

हा खरा पंचांचा विषय. बास्केटबॉलमध्ये मुख्य कोच किंवा पहिले सहायक, दोघांपैकी एका वेळी एकानंच उभं राहायचं असा नियम आहे. कोच खुर्चीवर असले की समोरचा संघ विचारतो, “मग ह्यांचा सहायक काऊन उभा?” प्रश्न वाजवी आहे. मी सामन्याआधी दोन्ही कोचना एकत्र बोलावून सांगतो: खुर्ची बेंचच्या ओळीत असेल तोवर कोच बसलेले, ओळ सोडून पुढं आली की उभे. हा माझा अर्थ आहे, नियमावलीतलं वाक्य नाही. पण दोघांनी आधी मान डोलावली की नंतर कुरकुर होत नाही.

नियमात “उभं राहणं” आलं की ते जागेबद्दल आहे, पायांबद्दल नाही, एवढं धरून चाललं तर बहुतेक खेळांत मार्ग निघतो.

जागा ठरवताना खेळाडूंचाही विचार करा. व्हॉलीबॉलमध्ये मैदानाबाहेर निदान 3 मीटर मोकळी जागा असते ती चेंडूमागं धावणाऱ्या पोरींसाठी. पायटेकूची लोखंडी कड बरोबर घोट्याच्या उंचीवर येते. म्हणून खुर्ची बेंचच्या टोकाला, थांबली की ब्रेक लावलेली. चेंडू खुर्चीला लागला तर तो बाहेरच्या वस्तूला लागलेला चेंडू, आऊट. पुन्हा खेळवायचा नाही.

कबड्डीत मॅट असेल तर चाकं मॅटवर नकोत, आणि मॅटच्या कडेपासून अंतर भरपूर ठेवा. चढाईपटू सुटून बाहेर येतो तेव्हा त्याला थांबता येत नाही. टाइमआउट 30 सेकंदांचा. त्यात सात दणकट पोरं खुर्चीभोवती कोंडाळं करून उभी राहिली तर कोचना फक्त त्यांच्या चड्ड्या दिसतात. पोरांना गुडघ्यावर बसू द्या, त्यासाठी त्यांना हटकू नका.

व्हॉलीबॉलमध्ये बाजू बदलताना मात्र हमखास घोळ होतो. स्कोअररच्या टेबलमागं पाण्याचा कॅन, बॅगा आणि माईकची वायर पडलेली असते. खेळाडू उड्या मारून जातात, कोच अडकतात आणि मी शिट्टी वाजवतो. दोन सेटमध्ये 3 मिनिटं मिळतात, पण निर्णायक सेटमध्ये 8 गुणांवर बाजू बदलताना तेवढी उसंत नसते. टेबलमागची मीटरभर वाट सामन्याआधी स्वतः चालून बघा. तरीही कोच पोचायचे असतील तर सर्व्हिसची शिट्टी पाच-दहा सेकंद उशिरा वाजवा, कोणाचं काही बिघडत नाही.

ऊन विसरणे

उन्हाळी शिबिरांत आणि खुल्या सामन्यांत पारा 44-45 वर जातो. चाकाची हातानं फिरवायची लोखंडी कडी तव्यासारखी तापते. शिवाय मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्या अनेकांना इजेखालच्या अंगाला घाम नीट येत नाही, शरीर थंड होत नाही, उष्माघात लवकर होतो. म्हणून सावलीची बाजू कोणाला हे नाणेफेकीवर सोडू नका. दोन्ही बेंचवर सावलीसाठी कापड बांधा.

न विचारता ढकलणे, आणि न विचारता माफ करणे

खुर्ची ही त्यांच्या अंगाचाच भाग समजा. मागून येऊन “जरा सरकवतो बरं का” म्हणत हात लावू नका. बोलायचं असेल ते मदतनिसाशी नको, कोचशीच, आणि समोरून.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. ते दिव्यांग आहेत म्हणून आरडाओरडा चालवून घेतला जातो. पुढच्या वर्षी सुरुवातीच्या सामन्यातल्या त्याच कोचनी माझ्या एका निर्णयावर दोनदा हात झटकले, तिसऱ्यांदा मोठ्यानं बोलले. मी पहिल्या पंचांना खूण केली आणि पिवळं कार्ड निघालं. सामना संपल्यावर स्कोअरशीट घेऊन मी त्यांच्याकडं गेलो. सही करता करता ते म्हणाले, “या वर्षी बसा नाई म्हटलं तुमी.”