लेकरांसाठी लिहायचंय आणि घरात लेकरं पण आहेत, तर काय करायचं

आधी सांगून टाकते, माझ्याकडे लिहायची वेगळी खोली नाही. किचनमधे गव्हाची कोठी आहे, तिच्यावर फळी टाकली की झालं माझं ऑफिस. लातूरला दोन खोल्या, त्यात आम्ही पाच जण. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई (आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात), ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, मुलगी अकरावीला म्हणजे नीटच्या (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या) चरकात, मुलगा पाचवीत, आणि मी. बारा वर्षं झाली लिहायलेय, आधी आठ ते दहा वर्षांच्या लेकरांसाठी गोष्टी, नंतर मुलगी मोठी व्हायला लागली तसं कुमारांसाठी. नव्यानं लिहायला लागलेल्या बायका आणि दोनतीन बापे पण सारखे विचारतात की घर आणि हे कसं जमवता, तर एकदाच सगळं लिहून ठेवते.

पहिलं काम म्हणजे घरच्यांना सांगा की तुम्ही काय करताय. हसू नका, मी पहिली चार वर्षं सांगितलंच नव्हतं, चोरून लिहायचे, ते पण मोबाईलवर. परिणाम काय झाला तर पोराला शाळेत बाईंनी विचारलं आई काय करते, आणि त्यानं सांगितलं मोबाईल खेळते. त्याची काय चूक, त्याला दिसत होतं तेच त्यानं सांगितलं. त्या दिवसापासून पहिला खर्डा मी वहीतच लिहिते, रेघांची दोनशे पानी वही आणि निळा पेन, कारण वही उघडलेली बाई कामात आहे हे आपल्याकडं सगळ्यांना कळतं आणि मोबाईल धरलेली बाई रिकामीच आहे असं सगळ्यांना वाटतं. टायपिंग नंतर करायचं. मी गूगलच्या कीबोर्डवर बोलून टाईप करते, गच्चीवर कपडे वाळत घालता घालता वहीतलं वाचून दाखवायचं, ते लिहून घेतं. फक्त आपली बोली त्याला झेपत नाही, मी ‘मनलं’ म्हणाले की ते ‘मनला’ काय, ‘मंडल’ काय, वाट्टेल ते लिहितं, त्यामुळं संवाद हातानंच टाईप करा आणि पात्रांची नावं शेवटी एकदा तपासा.

आता वेळ. सगळे म्हणतात रोज पहाटे पाचला उठा. मी सहा महिने उठले, मग ॲसिडिटी झाली आणि चिडचिड तर विचारूच नका. लेकरावर ओरडून मग लेकरांसाठी गोष्ट लिहायला बसायचं याच्यासारखी लाज वाटणारी गोष्ट नाही. म्हणून मी रोजचा नाही, वर्षाचा हिशोब करते. भिंतीवरचं कालनिर्णय घ्यायचं आणि आधी जे दिवस आपले नाहीतच ते खोडून टाकायचे. आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांनी एकदा येतं आणि त्याची वेळ देवालाच माहीत, पाण्याच्या दिवशी लिहायचं नावच नाही. नागपंचमी, पोळा, मग महालक्ष्म्या म्हणजे गौरी, त्यात तर तीन दिवस आधी आणि एक दिवस नंतर मी माणसात नसते. मग नवरात्र, आमचं तुळजापूरला जाणं असतंच. गावाकडं पाच एकर आहे, सोयाबीन काढायला आलं की मजुरांचे डबे. दिवाळी. डिसेंबर-जानेवारीत कधीतरी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, तिच्या आधी दोन दिवस भज्जी, आंबील, उंडे, खीर यांची तयारी आणि त्या दिवशी सगळं घर शेतात, आणि खरं सांगू का, त्या दिवशी मी वही नेत पण नाही. कडब्याच्या कोपीत बसून आंबील प्यायची सोडून लिहित बसलेली बाई पुढं काय लिहिणार?

हे सगळं खोडल्यावर दिसतं की दोन मोकळे पट्टे उरतात. एक शाळा सुरू झाल्यापासून श्रावण लागेपर्यंत, म्हणजे जूनच्या मध्यापासून पुढं, आणि दुसरा येळवस झाल्यापासून लेकरांच्या परीक्षा जवळ येईपर्यंत. नवीन कच्चं लिखाण फक्त या दोन पट्ट्यांत. बाकीच्या वर्षात सुधारणा, प्रूफं, पत्रव्यवहार असली कामं, जी कुकरच्या शिट्ट्या मोजत पण होतात. दिवाळी अंकाची मागणी आषाढातच येते आणि मजकूर साधारण श्रावण-भाद्रपदात द्यायचा असतो, म्हणजे नेमकं महालक्ष्म्यांच्या तोंडावर. तर दिवाळी अंकाची गोष्ट जानेवारी-फेब्रुवारीतच लिहून डब्यात घालून ठेवायची, लोणच्यासारखी. संपादकांचा फोन आला की फक्त काढून द्यायची. मुरलेली पण असते.

गणित पण करून बघा, मला त्यानं फार धीर आला. आठ-दहा वर्षांच्या लेकरांची गोष्ट हजारेक शब्दांत बसते. कुमारांची छोटी कादंबरी २५,००० शब्द धरा. एका बैठकीला ३०० शब्द, आठवड्यात चार बैठका, झाले १,२००. म्हणजे २१ आठवडे, पाच महिन्यांच्या आत. दोन पट्टे मिळून तेवढे आठवडे भरत नाहीत हे खरं आहे, म्हणून माझी कादंबरी दीड-दोन वर्षं घेते. घेऊ दे की. कुठं आग लागलीय. लेकरं तोपर्यंत तेवढीच मोठी होतात आणि वाचणारी नवीन येतात.

आता जे मला खरं सांगायचंय ते. घरात लेकरं असली की लोक म्हणतात तुम्हाला काय, गोष्टी घरातच चालत फिरत असतात. असतात. आणि तिथंच मी शेण खाल्लं. मुलगी आठवीत असताना तिच्या मैत्रिणीशी काहीतरी झालं होतं, ती रात्री माझ्या कुशीत रडत सगळं बोलली, आणि मी दोन महिन्यांनी त्याची कथा केली. नाव बदललं, गाव बदललं, मैत्रिणीचं चुलत बहीण केलं, मला वाटलं झालं. कथा एका दिवाळी अंकात आली, अंक कुणीतरी वर्गात नेला, आणि वर्गातल्या पोरींनी पाच मिनिटांत ओळखलं, कारण निळ्या सायकलची घंटी तशीच राहिली होती. पोरगी नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही. दहाव्या दिवशी बोलली ते एवढंच, ‘मी तुला सांगितलं होतं, लेखिकेला नाही.’

तेव्हापासून नियम केलेत. एक, लेकरानं रडत सांगितलेलं कधीच वापरायचं नाही, परवानगी दिली तरी नाही, कारण रडून झाल्यावर लेकरू आईला खूश करायला हो म्हणतं. दोन, हसत सांगितलेलं वापरायचं असेल तर आधी विचारायचं आणि लिहून झालं की त्यालाच पहिलं वाचायला द्यायचं, त्यानं हे काढ म्हणलं तर वाद न घालता काढायचं, वाक्य कितीही लाडकं असू दे. तीन, एक घटना आणि किमान तीन वेगळी लेकरं एकत्र कालवायची, स्वतःचं बालपण त्यात अर्धं घालायचं. माझं तर बालपण १९९३च्या भूकंपाच्या वेळचं आहे, ३० सप्टेंबरच्या त्या पहाटेनंतर आम्ही किती दिवस अंगणात झोपलो ते मला अजून वासासकट आठवतं, तो माझा माल आहे, तो मी कुणाला न विचारता वापरू शकते. आपल्या लेकरांचा माल त्यांचा आहे, उद्या त्यांना स्वतःला लिहायचा असेल तर?

कुमारांसाठी लिहिताना हे जास्तच अवघड जातं. लातुरात तर गल्लोगल्ली नांदेड, परभणी, बीडकडून आलेली लेकरं मेसचे डबे घेऊन क्लासला जायलेली दिसतात, घरात एक अकरावीवाली आहे, आणि मला पंधरा-सोळा वर्षांचंच लिहायचंय. पण मी ठरवलंय की मुलीची नीट होईपर्यंत नीटवर लिहायचं नाही. तिच्या टेस्टचे मार्क माझ्या कथेचा प्लॉट व्हायला नकोत. नंतर बघू.

घरच्या लेकरांना पहिला वाचक करा असं बरेच जण सांगतात. करा, पण त्यांच्या मतावर विसंबू नका, ती एकतर आईला बरं वाटावं म्हणून छान म्हणतात नाहीतर जेवायला उशीर झालाय म्हणून बोर म्हणतात. मी गल्लीतली सातआठ लेकरं रविवारी संध्याकाळी गच्चीवर बोलावते, मुरमुऱ्याचा सुशीला करते आणि मोठ्यानं वाचते. त्यांना कशी वाटली हे विचारत नाही. लेकरू कुठं चप्पल शोधायला लागतं तेवढं बघते आणि तिथं समासात फुली मारते. चौथ्या पानावर तीन लेकरं खाली वाकली म्हणजे चौथं पान गेलं. आणि वाचताना माझीच जीभ अडखळली ते वाक्य पण गेलं.

आत्याबाईंचं सांगायचं राहिलं. सुरुवातीला त्यांचा फार राग होता, काय दिवसभर खरडायलीस गं, म्हणायच्या. मी एकदा कंटाळून त्यांनाच वाचून दाखवलं, एका म्हातारीचे संवाद होते. त्या म्हणाल्या, ‘असं कोण बोलतंय गं बाई, ही म्हातारी काय मास्तरीण हाय का?’ आणि सगळे संवाद बदलून सांगितले, एकदम फर्स्टक्लास. तेव्हापासून म्हाताऱ्या माणसांचे, शेतातले, बाजारातले संवाद त्यांच्याकडून तपासून घेते आणि मानधन आलं की त्यातून त्यांना ठरलेले शंभर रुपये देते, त्या ते कनवटीला लावतात आणि आल्यागेल्याला सांगतात. आता कुणी बाई चार वाजता गप्पा मारायला आली तर दारातूनच सांगतात, ती कामावर हाय. तुमच्या घरात जो सगळ्यात जास्त विरोध करतो त्याला एक काम देऊन बघा. ह्यांना पण दिलंय, कुरियर आणि बँक.

पैशाचं आणि कागदांचं थोडक्यात, पण हे घरातल्या दुसऱ्या माणसाला माहीत पाहिजेच. माझ्या पहिल्या पुस्तकाला एका प्रकाशकानं तोंडीच हो म्हणलं होतं, नंतर ना हिशोब ना प्रती. तर करार लेखी घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. किती वर्षांसाठी ते करारात लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतात. पण ‘कायमचे’ असं छापलेलं असेल आणि तुम्ही न वाचता सही केली तर मग बोंबला. आणि लेखकाच्या आयुष्यानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडं राहतो, म्हणजे तो तुमच्या लेकरांचा आहे, घाईत सही करून देऊन टाकू नका. माझे सगळे करार रेशन कार्डाच्या फाईलमधे आहेत आणि ही फाईल कुठं आहे ते ह्यांना माहीत आहे. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

शाळांची बोलावणी येतात, जास्त करून स्नेहसंमेलनाच्या दिवसांत. हुरळून जाऊन सगळीकडं हो म्हणू नका. मी महिन्याला दोन घेते, संध्याकाळच्या एसटीनं परत येता येईल एवढ्याच अंतराची, औसा, निलंगा, उदगीर, अंबाजोगाई, फार तर परभणी. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यानं फार सोपं झालं, नाहीतर शाल-श्रीफळ मिळायचं आणि गाडीभाडं पदरचं. गाडीभाडं आधी फोनवरच विचारायचं, लाजायचं नाही. पोराला सुट्टी असेल तर त्याला सोबत नेते. त्याला भाषण ऐकायचं नसतं, स्टँडवरचा वडापाव पाहिजे असतो, पण येता-जाता दोन तास शेजारी बसून तो जे बोलतो ते घरी महिन्यात बोलत नाही. (हसत सांगितलेलं असेल तर विचारून घेते.)

आणि कालनिर्णयचं एक राहिलं. माझ्या बैठकीच्या दिवसावर मी निळी खूण करते, चार ते सव्वापाच, त्या वेळेत मला हाक मारायची नाही, रक्त आलं किंवा पाणी आलं तरच. गेल्या जूनमधे बघते तर निळ्या खुणांच्या शेजारी लाल खुणा. पोरीनं केलेल्या. विचारलं तर म्हणाली, ‘तुझ्या वेळेत आम्ही येत नाही ना, मग ह्या वेळेत तू यायचं नाहीस, अभ्यास झाला का विचारायला पण नाही.’ मला आधी जरा लागलं. पण आता चहा तिच्या दाराबाहेर ठेवते, वर ताटली झाकून, आणि न बोलता परत येते.