चार यमन आणि एक ‘डुप्लिकेट’: शास्त्रीय संगीताचा संग्रह संगणकावर लावताना या चुका टाळा

मामांच्या कॅसेट संगणकावर उतरवून झाल्या आणि उत्साहाच्या भरात मी दुबार फायली शोधून काढणारं एक सॉफ्टवेअर चालवलं. त्याला एकाच गायिकेचे चार ‘राग यमन’ दिसले. नाव तेच, शीर्षक तेच. त्यानं एक ठेवला, तीन उडवले आणि वर किती जागा वाचली तेही कौतुकानं सांगितलं. चारही यमन वेगवेगळ्या वर्षांचे होते, एकात तर पेटीला दुसरंच कोणीतरी होतं. कॅसेट रद्दीत दिल्या नव्हत्या म्हणून निभावलं; पुढचे तीन रविवार पुन्हा डेकसमोर गेले.

चूक माझीच. ही सॉफ्टवेअरं गायक, अल्बम, गाणं अशा उतरंडीवर बेतलेली असतात. सिनेमाच्या गाण्याला ती पुरते. आपल्याकडे ‘यमन’ हे गाण्याचं नाव नव्हे. त्या दिवशी, त्या बैठकीत तो कसा मांडला गेला ही खरी वस्तू. म्हणून शीर्षकात नुसता राग लिहू नका. ‘यमन, विलंबित एकताल व द्रुत तीनताल, पुणे, १९८१-१२’ असं लिहा (विलंबित म्हणजे संथ लयीतला भाग, द्रुत म्हणजे जलद). तारखेत वर्ष आधी, म्हणजे फायली आपोआप काळानुसार लागतात. साथीदारांची नावं शेऱ्याच्या रकान्यात टाका. तबल्यावर वसंतराव आचरेकर, पेटीवर गोविंदराव पटवर्धन एवढी नोंद असली, तरी साल नसलेल्या कुमार गंधर्वांच्या मैफलीला काळाची चौकट मिळते.

गायकाच्या नावाआधी पंडित, पं., उस्ताद लावलंत तर अर्धा संग्रह ‘प’खाली जमा होतो. मान मनात ठेवा, रकान्यात नुसतं नाव लिहा. रागांचंही तसंच. बागेश्री आणि बागेश्वरी, भूप आणि भूपाळी, जौनपुरी आणि जीवनपुरी यांतलं एक रूप ठरवा आणि एका साध्या वहीत उतरवून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी आपणच दुसरं लिहितो. इंटरनेटवरून आपोआप माहिती भरून घेत असाल तर डोळे उघडे ठेवा. कर्नाटक संगीतातला हिंदोळम म्हणजे स्वरांनी आपला मालकंस, हिंडोल नव्हे. तिकडच्या तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे. यंत्राला त्याचं काही नसतं, ते सगळं एकाच पिशवीत भरतं.

नावं देवनागरीत लिहिली आणि गाडीतल्या जुन्या प्लेअरवर ‘मल्लिकार्जुन मन्सूर’ऐवजी ‘मल्लिकार्ज’ एवढंच उमटलं, तर गोंधळू नका. एमपीथ्रीच्या जुन्या टॅगमध्ये, म्हणजे फाईलला जोडलेल्या माहितीच्या पट्टीत, गायक, शीर्षक, अल्बम यांच्या रकान्यांना प्रत्येकी ३० बाइटची जागा असते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा आणि हलन्त वेगळे मोजून. दहा चिन्हांत ‘मल्लिकार्ज’ संपतं आणि मन्सूर बाहेर राहतात. टॅग आयडीथ्री २.३ या लांब नावं मावणाऱ्या नंतरच्या पद्धतीचे करा, आणि फाईलचं नाव रोमन लिपीत ठेवलं तर जुनी यंत्रंही कुरकुर करत नाहीत.

कॅसेट उतरवताना

सर्वांत मोठं नुकसान इथं होतं, आणि तेही चांगल्या हेतूनं. खरखर काढायची म्हणून आपण सुरुवातीचा ‘शांत’ तुकडा निवडतो आणि सॉफ्टवेअरला सांगतो की हा आवाज सगळीकडून पुसून टाक. पण तो तुकडा शांत नसतो. गायक सा लावण्याआधी तिथं तंबोरे चालू असतात. तंबोरा अखंड वाजतो, खरखरही अखंड असते. यंत्र दोघांना एकच समजतं. मग जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेचा गुंजणारा झणकार, जाते, आणि गायकाच्या स्वराखाली पाण्याखालून आल्यासारखं काहीतरी गुळगुळत राहतं. नमुना घ्यायचाच तर कोऱ्या फितीचा, तंबोरे सुरू होण्याआधीचा घ्या. मी तर खरखर ठेवतो. कान पाच मिनिटांत तिला विसरतो.

दुसरी गोष्ट वेगाची. डेक सुमारे ६ टक्के जोरात फिरला की काळी एक पट्टीचा गायक अर्ध्या स्वरानं वरच्या पांढरी दोनमध्ये गातो आणि तानाही उगाच चपळ वाटतात. पट्टीचा अंदाज नसेल तर विजेची घूं ऐका. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. मूळ ध्वनिमुद्रणात ती घूं शिरली असेल, तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या वारंवारतेचा आवाज किती हे दाखवणाऱ्या आलेखात, ५० च्या आसपास उंचवटा दिसतो. तो ५२ वर असेल तर फीत ४ टक्के जोरात चालली आहे. अगदी ५० वर दुसरा उंचवटा दिसला तर तो बहुधा आपल्याच डेकचा, त्याला धरून चालू नका. पूर्वी विजेची वारंवारताही थोडी खालीवर व्हायची, त्यामुळे शेवटचा निवाडा कानाचाच.

मूळ प्रत एमपीथ्रीत करू नका. ९० मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जात सुमारे ९५० एमबी होते, फ्लॅकमध्ये, म्हणजे काही न फेकता आटोपशीर होणाऱ्या फाईलमध्ये, साधारण निम्मी. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत ८६ एमबी होते हे खरं, पण फेकलेलं परत येत नाही. फोनसाठी हवी तर वेगळी प्रत काढा. आणि दोन प्रती दोन घरांत ठेवा, एकाच कपाटात नव्हे.

विलंबित आणि द्रुत यांच्या वेगळ्या फायली करण्याचा मोह टाळा. शफल, म्हणजे फायली वाटेल त्या क्रमानं वाजवणं, लागलं की मारव्याचा द्रुत आधी आणि मागाहून सकाळची तोडी, असा प्रसंग ओढवतो. बाजू संपल्यामुळे तान मध्येच तुटली असेल तर तशीच तुटू द्या, पुढची बाजू त्याच फाईलला जोडा आणि शेऱ्यात लिहा.

‘बुवा’ म्हणजे कोण?

राग कळत नसेल तर अंदाज ठोकून देऊ नका. कौशी कानडा मालकंस अंगानंही गातात आणि बागेश्री अंगानंही, तेव्हा एकाच नावाच्या दोन फायली वेगळ्या वाटल्या तरी दोन्ही बरोबर असू शकतात. अंदाजापुढे प्रश्नचिन्ह टाका. झाकणावरचं अक्षर चुकीचं वाटलं तरी पुसू नका. झाकणाचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

मामांच्या एका कॅसेटवर बॉलपेननं एवढंच आहे: ‘बुवा. ललत. पहाट. ब बाजू अपुरी.’ मामांना बुवा म्हणजे कोण हे लिहायची गरज वाटली नव्हती. तीन जाणकारांनी ऐकून तीन नावं सांगितली. माझ्याकडे ती फाईल अजून ‘बुवा’ याच नावाखाली आहे, तिन्ही नावं शेऱ्यात, प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह.